कुंदाताईंचं ‘कशावरून’

दार वाजलं आणि आतून कुणी ‘कोण?’ म्हणून विचारलं, की आपण सगळे एकच उत्तर देतो. ‘मी.’ जणू काही त्या ‘मी’ला जगात दुसरा धनीच नाही. वसईतल्या नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मीही तेच केलं. हार्डवेअरच्या दुकानावरचं दोन खोल्यांचं ऑफिस, दार आतून बंद. वाजवलं, तर आतून खणखणीत आवाज आला, "कोण?"

"मी."

"मी तर सगळेच असतात. तुम्ही कोण?"

मी पूर्ण नाव सांगितलं. नालासोपाऱ्याहून आलेय, आजपासून कामाला लागतेय, तेही सांगितलं.

"कशावरून?"

आता कशावरून! नवा ड्रेस, हातात डबा, घाम आलेला, आणि मी मेघनाच आहे याचा पुरावा शोधत बंद दारापुढे उभी. शेवटी वैतागून म्हटलं, "मुलाखतीत एडविन सरांनी मला विचारलं होतं, सासूबाईंना दुपारची झोप लागते का, म्हणजे मुलगा कोण सांभाळणार." कडी निघाली. दारात ठेंगणी, सावळी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली पंचेचाळिशीची बाई उभी होती. कॉटनची साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. "हे बरोबर," ती म्हणाली. "हे बाहेरच्याला ठाऊक असणार नाही. ये." आणि मी आत पाऊल ठेवायच्या आधीच तिने माझ्या हातावर एक सुकेळं, वसईचं वाळवलेलं केळं, ठेवलं. दारात ‘कशावरून’ आणि कडी निघाली की सुकेळं, हा कुंदाताई म्हात्रेंचा कायमचा रिवाज होता. मधला मार्ग त्यांना माहीत नव्हता.

हे दोन हजार सातच्या आसपासचं. त्याआधी, नव्वदच्या दशकात, कुंदाताई इथल्याच एका कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर होत्या. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी त्यांच्या कानात, मग पुढे. मालकाचा साडू बोलतोय, फाटकावर अडवलेला टेम्पो सोडा, असं कुणीसं फोनवर दरडावलं, तर यांनी "कशावरून?" विचारलं आणि पलीकडचा साडू फोन ठेवून गायब झाला. हा किस्सा त्या आवडीने सांगत. त्याचा जोडकिस्सा मात्र आम्हाला ऑफिसातल्या नितीनकडून कळला. एकदा खुद्द मालकाचा तापाने घसा बसला होता आणि कुंदाताईंनी त्याला त्याच्याच कारखान्यात फोन जोडून दिला नाही. दुसऱ्या दिवशी तो तणतणत आला. "आवाज बसला म्हणून माणूस बदलतो का?" तर या म्हणतात, "साहेब, आवाज बसला तर माणूस तोच कशावरून?" मालकाने कपाळावर हात मारला. त्या दिवशी त्याचा मोठा व्यवहार हुकला होता, हेही खरं. कुंदाताईंच्या कडकपणाची किंमत कुणी ना कुणी मोजायचंच, आणि त्याचं त्यांना काही वाटायचं नाही.

कारखाना बंद पडल्यावर त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास लावला. मुळात बी.कॉम., डोकं हिशेबी. पुढे त्याच क्लासात शिकवायला लागल्या आणि तिथून एडविन सरांनी त्यांना उचललं.

एडविन सर वसईतल्याच पापडीचे. त्यांची कल्पना अशी, की वसईत लग्नं मोठी, फोटो ढीगभर, आणि प्रत्येक घरातलं कोणीतरी आखातात नाहीतर कॅनडात. स्टुडिओवाल्यांनी लग्नाचे फोटो आमच्या प्रोग्राममधून वर चढवायचे आणि परदेशातल्या मावशीने ते तिकडे बसून बघायचे. एवढे फोटो ठेवायला आमच्याकडे जागा कुठली? ती एका परदेशी कंपनीच्या क्लाउडवर भाड्याने घेतलेली. क्लाउड हा शब्दही तेव्हा नवा होता. आमचा प्रोग्राम त्या क्लाउडकडे सारख्या मागण्या पाठवायचा. हा फोटो ठेव, तो फोटो दे, अमका पुसून टाक. आणि तो क्लाउड दर मागणीला विचारायचा, तू कोण आणि कशावरून?

कुंदाताईंना तो पहिल्याच दिवशी आपल्या माणसांतला वाटला असणार. हे ‘कशावरून’चं खातं एडविन सरांनी मुकाट्याने त्यांच्याकडे देऊन टाकलं.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गुप्त किल्ली म्हणून अक्षरांची एक लांबलचक माळ आमच्याकडे होती आणि तशीच त्या कंपनीकडे होती. पण मागणीबरोबर ती किल्ली पाठवायची नाही. किल्ली वापरून एक सही तयार करायची आणि नुसती सही पाठवायची. मी म्हटलं, "कुंदाताई, किल्ली दोघांकडेही आहे, तर तीच पाठवून मोकळं का होत नाही?"

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. चष्मा पुसायला घेतला म्हणजे गोष्ट येणार, हे आम्हाला कळायचं.

"माझे वडील मिठागरावर असायचे," त्या म्हणाल्या. "आठवडा आठवडा तिकडेच. काही लागलं की घराकडे येणाऱ्या होडीवाल्याबरोबर निरोप. तांदूळ दे, घोंगडी दे, कोंबडी दे. आता निरोप आणणारा दर वेळी वेगळा. माझी आई कोणाच्या शब्दावर देणारी नव्हती. म्हणून त्या दोघांनी खूण ठरवलेली."

"म्हणजे एखादा शब्द?"

"शब्द होडीवाल्याला कळला, की उद्या तोच शब्द सांगून तो कोंबडी घेऊन जाईल! एकदा सांगितलेली खूण मेली. वडील रुमालाला गाठी मारायचे. किती, अन् कुठल्या कोपऱ्याला, ते काय मागवलंय आणि तिथी कुठली, या दोहोंवरून ठरायचं. कसं ठरायचं ते फक्त त्या दोघांना माहीत. आई निरोप ऐकायची, मनाशी गाठी जुळवायची, मग रुमाल हातात घ्यायची. जमलं तर वस्तू द्यायची. तांदळाचा रुमाल दाखवून कोंबडी मिळायची नाही आणि कालचा रुमाल आज चालायचा नाही. आपली सही म्हणजे तो रुमाल. मागणी आणि वेळ दोन्ही त्यात बांधलेली. किल्ली कधी होडीत बसत नाही, समजलं?"

समजलं. ही गोष्ट खरी, की मला समजावायला तिथल्या तिथे रचलेली, ते देव जाणे. नितीन म्हणायचा, रचलेली. मी मात्र त्या दिवसापासून सहीच्या बाबतीत कधी चुकले नाही.

चष्मा परत डोळ्यांवर चढवताना त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या, "आणि तीच आई आता मला ओळखत नाही."

कुंदाताईंनी लग्न केलं नव्हतं. खाडीकाठच्या गावात जुन्या घरी आई आणि त्या, शेजारी भाऊ-वहिनी. दिवसभर वहिनी बघायची. संध्याकाळी कुंदाताई घरी पोचल्या की म्हातारी ओट्यावर वाट अडवून विचारायची, "कोन गो तू?" आणि मी कुंदा म्हटलं तर मान हलवायची. कधी वहिनी येऊन समजूत घालेपर्यंत कुंदाताईंना पायरीवर बसून राहावं लागे. "ज्या घराचं विजेचं बिल माझ्या नावावर येतं, त्या घराच्या पायरीवर पाहुण्यासारखी बसते मी," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मला हसू आलं नाही. त्यांना जोरजबरदस्तीने आत जाता आलं असतं, थकलेली म्हातारी काय अडवणार? पण ते त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. आईने ओळखून ‘कुंदे, ये’ म्हणावं, मगच आत जायचं. एकदा तरी तिने तसं म्हणावं, एवढीच त्यांची आस होती.

ऑफिसात मात्र याचा मागमूस नसायचा. नितीनने एकदा मोठाच घोळ केला. नितीन विरारचा, आमच्यातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात घाईचा. स्टुडिओवाल्यांना द्यायच्या सीड्या तयार झाल्या आणि वाटायला निघाल्या, तेव्हा कुंदाताईंना कळलं, की पठ्ठ्याने गुप्त किल्ली सरळ प्रोग्राममध्येच लिहून टाकलीय. म्हणजे ज्याच्या हातात सीडी, त्याच्या हातात साऱ्या वसईची लग्नं.

"अरे यार ताई, टेन्शन काय? ते स्टुडिओवाले आहेत, त्यांना काय घंटा समजणार आहे आत काय लिहिलंय," नितीन म्हणाला.

कुंदाताई ऑफिसात जपून, शाळेत शिकवल्यासारखं मराठी बोलत. राग आला की मात्र गाव जिभेवर यायचं. "आरं मेल्या," त्या कडाडल्या, "दाराला चावी तशीच लावून गावाला जेवान घालाया निघालास काय? समोरच्याला समजत नाय, ह्ये कुलूप हाय काय?" एडविन सर आतल्या खोलीतून बाहेर आले आणि रंग बघून परत आत गेले.

ती किल्ली त्याच दिवशी रद्द झाली. प्रत्येक स्टुडिओला वेगळी किल्ली, कुणाची कुठली त्याची नोंद आमच्याकडे, असा नवा बेत झाला आणि आमचं सगळ्यांचं काम वाढलं. सीड्या कुंदाताई पिशवीत भरून घरी घेऊन गेल्या. पुढे कधीतरी त्यांच्या भावाच्या वाडीत गेले, तर केळींच्या मधून दोऱ्यांना बांधलेल्या सीड्या उन्हात लखलखत होत्या, पाखरं हाकलायला. नितीनचं काम वाया गेलं असं कोण म्हणेल?

पास्कलअंकलचा किस्सा त्याच्या पुढचा. जवळच्या निर्मळ गावात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. माणूस गोड, बोलायला लागला की थांबायचा नाही. एका लग्नाचे फोटो काही केल्या वर चढेनात. नवरीचा भाऊ कुवेतला, त्याला सुट्टी मिळाली नव्हती, तो तिकडे फोटोंची वाट बघत बसलेला आणि नवरीची आई पास्कलअंकलच्या स्टुडिओत ठाण मांडून बसलेली. क्लाउडकडून दर वेळी नकार. आम्ही इकडून तपासलं. किल्ली बरोबर, सही बरोबर. नितीनने तर हात टेकले.

"चल," कुंदाताई मला म्हणाल्या. मी स्कूटर काढली. रस्ताभर त्या मागे बसून सहीचं गणित पुटपुटत होत्या आणि एकीकडे मला खड्डे दाखवत होत्या.

स्टुडिओत शिरल्यावर त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलंच नाही. भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मग पास्कलअंकलच्या मनगटावरचं. मग स्वतःचं. "अंकल, तुमचं घड्याळ पुढे आहे?"

"आहे ना," पास्कलअंकल अभिमानाने म्हणाले. "वीसेक मिनिटं पुढे. भिंतीवरचं पण, हे पण. फादर चर्चमध्ये मिस्सा वेळेवर सुरू करतात. फोटोग्राफर उशिरा पोचला तर नवरी आत गेलेली असते, मग काय तिची पाठ काढू? म्हणून सगळी घड्याळं पुढे."

"आणि कॉम्प्युटरचं?"

"ते पण केलं, परवाच. एक घड्याळ खरं बोलायला लागलं की बाकीच्यांवर विश्वास राहत नाही, बाय."

इतकं बिनतोड उत्तर मी जन्मात ऐकलं नव्हतं. आपल्याकडे घरोघरी घड्याळ पुढे असतं, आणि ते पुढे आहे हे सगळ्यांना ठाऊकही असतं. त्या क्लाउडला ते कोण सांगणार? सहीत वेळ बांधलेली. पास्कलअंकलची प्रत्येक मागणी अजून न उजाडलेल्या वेळेची सही घेऊन जायची आणि क्लाउड तिला दारातूनच परत पाठवायचा. कुंदाताईंनी कॉम्प्युटरचं घड्याळ खऱ्यावर आणलं. एकेक फोटो वर जायला लागला. नवरीच्या आईने आधी देवाचे आभार मानले, मग कुंदाताईंचे, आणि पास्कलअंकलना चार शब्द सुनावले. भिंतीवरचं घड्याळ मात्र अंकलनी हलवू दिलं नाही.

परत येताना फुलांच्या वाड्यांपाशी कुंदाताईंनी मला स्कूटर थांबवायला सांगितली.

"मेघना, माणूस खरा, किल्ली खरी, सहीसुद्धा खरी. तरी बाहेर. कारण काय, तर वेळ जुळत नाही."

"सापडलं ना शेवटी."

"माझ्या आईचं तसंच झालंय गं. तिचं घड्याळ पार मागे गेलंय. तिच्या लेखी कुंदा दोन वेण्या घालून शाळेत जाते. ही चष्मेवाली बाई दारात येऊन म्हणते, मी कुंदा. तिने का मानावं? मी असते तर मीही मानलं नसतं." मग म्हणाल्या, "आणि तिचं घड्याळ मला कुठे हात लावून पुढे करता येतं?" मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला, एरवी त्या अंगाला हात लावू देत नसत.

त्यांनी प्रयत्न सोडले नाहीत. आजोबांचं नाव, दावणीच्या म्हशीचं नाव, आत्याच्या लग्नात काय बिनसलं होतं ते, घरातलं घरात राहिलेलं सगळं आईला सांगून बघितलं. म्हातारीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ह्ये तुला कुंदानं सांगितला काय? ती पोर लय बडबडी हाय, तिला दम देते आली की." हे आम्हाला सांगताना कुंदाताईंच्या आवाजात चक्क कौतुक होतं. "बघ, अजून तशीच पक्की आहे. सांगितलेली गोष्ट पुरावा म्हणून चालत नाही तिला."

एक दिवस त्या रुमालाला गाठी मारून घेऊन गेल्या. गाठींची रीत त्यांना कुणी शिकवली नव्हती, लहानपणी आईच्या हातातले रुमाल बघून जेवढी डोक्यात बसली तेवढी. दुसऱ्या दिवशी मी विचारलं. "तिने गाठी सोडल्या," त्या म्हणाल्या. "सोडून रुमाल नीट घडी केला आणि मला परत दिला. म्हणाली, चांगल्या कापडाला असा पिळू नये." त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

नंतर एकदा म्हातारी भरदुपारी घराबाहेर पडली आणि मिठागराच्या बांधावर सापडली. कधीच वारलेल्या नवऱ्याला शोधायला निघाली होती. वहिनीला तिचं घर, तिची मुलं. कुंदाताईंनी एडविन सरांकडे जाऊन नोकरी सोडत असल्याचं सांगितलं. सरांनी सुट्टी घ्या, अर्धा दिवस या, असं सगळं करून पाहिलं. त्यांचं ठरलेलं होतं.

शेवटच्या दिवशी आम्ही केक आणला होता. कुंदाताईंनी तो कापू दिला नाही, आधी काम. मला कॉम्प्युटरपुढे बसवलं. "माझी किल्ली रद्द कर."

"उद्या करीन की."

"उद्या मी इथली कोणी नाही. आजच. माझ्यासमोर."

मी केली. ज्या बाईने ते दार एकहाती राखलं, तिलाच बाहेर काढायचं काम माझ्याकडे आलं होतं. मग त्या स्वतः शेजारच्या कॉम्प्युटरवर बसल्या, आपल्या जुन्या किल्लीने एक सही तयार केली आणि एका फोटोची मागणी पाठवली. सगळे बघत होतो. नकार आला. प्रवेश नाही.

"बरोबर," कुंदाताई म्हणाल्या. "नाही घेतलं. आता केक काप."

नितीन, इतका वात्रट मुलगा, उठून खिडकीशी गेला आणि उगाच बाहेर बघत राहिला.

त्यांचं सामान दोन पिशव्या झालं, म्हणून मी त्यांना पोचवायला गावापर्यंत गेले. उन्हं उतरत होती. ओट्यावर म्हातारी बसली होती, लहानशी, पांढरीशुभ्र, पाय पोटाशी घेऊन. आम्हाला बघून सावरून बसली.

"कोन गो तुमी?"

"आये, मी कुंदा."

"कुंदा शालंत गेलेय."

"बरं," कुंदाताई म्हणाल्या. पिशव्या खाली ठेवल्या आणि पायरीवर बसल्या. मीही शेजारी बसले. त्या मला हळू आवाजात म्हणाल्या, "वहिनी येईल थोड्या वेळाने. तू नीघ, तुला उशीर होईल." पण मला निघवेना. म्हातारी आमच्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मग ओट्याला हात टेकत टेकत उठली, एक पायरी उतरली आणि कुंदाताईंच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघितलं.

"तोंड कसा सुकलाय गो तुजा," ती म्हणाली. "जेवलीस नाय?"

कुंदाताईंनी चष्मा काढला.

"ऊठ. कोन का असंना. भात हाय, निवट्यांचा कालवन हाय. चल आत."

आणि तिने कुंदाताईंचं मनगट धरलं.

कुंदाताईंचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि बाई भांडत होती. "आये, अगो असा कोनालाबी घरान घेतात काय? मी कोन ते तुला ठावं तरी हाय? मी चोर असले तर?"

"चोराला भूक नसते काय?" म्हातारी म्हणाली आणि त्यांना ओढत उंबऱ्याच्या आत घेऊन गेली.

मी पिशव्या ओट्यावर ठेवल्या. आत अंधार होता, डोळे सरावल्यावर दिसलं. पाटावर कुंदाताई बसल्या होत्या, चष्मा हातात. "निदान इचार तरी, आये," त्यांचं चालूच होतं, "कोन, कुटली, एकदा इचार तरी!" म्हातारीचं लक्ष नव्हतं. ती ताटात भात वाढत होती.